सुटकेनंतरचा पहिला दिवस

२६ ऑक्टोबर १८८२. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून सव्वीस वर्षांचे दोन तरुण बाहेर पडले. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्याची शिक्षा भोगून सुटलेल्या टिळक-आगरकरांच्या स्वागताला दाराशी मोठी गर्दी जमली होती. पुढे आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले आणि डोंगरीचा तुरुंग मराठी वाङ्मयात कायमचा नोंदला गेला.

तुरुंग गेला, भिंती राहिल्या. उमरखाडीतल्या त्याच वास्तूत पुढे मुलांचे रिमांड होम आले. आजच्या भाषेत त्याला निरीक्षण गृह म्हणतात. मुंबईत खोडकर पोराला ‘डोंगरीला पाठवीन’ असा दम अजूनही भरला जातो. मूल तिथे कसे जाते, हे त्यामुळे सर्वांना ठाऊक असते. पण अशा वास्तूतून आणि तिच्यापुढच्या बालगृहांतून, विशेष गृहांतून अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बाहेर पडते, तेव्हा दाराशी कोण उभे असते? आपल्याकडच्या बालसंगोपनाचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने वाचला, तर तो वेगळा दिसतो.

या इतिहासाची सुरुवातच आपण निष्काळजीपणे सांगत आलो आहोत. १८४३ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी अनाथ मुलांसाठी ‘रॅगेड स्कूल’ काढले, असे वाक्य बालन्यायावरच्या अनेक लेखांत एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतलेले आढळते. कॉर्नवॉलिस १८०५ मध्येच गाझीपूरला वारले होते! मुंबईत असे काम उभे केले ते ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी. रस्त्यावरच्या मुलांना हाताला काम शिकवणारी त्यांची शाळा पुढे डेव्हिड ससून यांच्या आश्रयाने स्थिरावली. काळा घोड्याजवळचे ससून ग्रंथालय आपल्याला माहीत असते. त्याच नावाची माहीमची औद्योगिक शाळा मात्र फारशी कोणाला आठवत नाही.

त्याच सुमारास, १८५० मध्ये, अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट आला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्याचा हा कायदा. किरकोळ गुन्हा केलेल्या किंवा भटकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मॅजिस्ट्रेटच पालकाच्या जागी उभा राही. उमेदवारी जास्तीत जास्त सात वर्षांची. मुलाला एकविसावे पूर्ण होईपर्यंत, मुलीच्या बाबतीत फार तर तिचे लग्न होईपर्यंत. या व्यवस्थेत स्वस्त मजूर मिळवण्याचा हेतू मिसळलेला होता, हे नाकारायचे कारण नाही. मुलीचे भवितव्य म्हणजे लग्न, हे गृहीतही त्यात उघड आहे. तरी एक गोष्ट महत्त्वाची : मोठेपणी या मुलांना आपले पोट भरता यावे, हा उद्देश कायद्याच्या प्रस्तावनेतच सांगितलेला होता. म्हणजे सुरुवात बाहेर पडण्याच्या विचारापासून झाली होती.

नंतर विचाराचा रोख बदलला. १८७६ चा आणि त्याची जागा घेणारा १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स अ‍ॅक्ट यांनी चार भिंती मध्यभागी आणल्या. १८९७ च्या कायद्याने मुलाला तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई. अठरावे लागले की सोडणे भाग. हा कायदा फक्त मुलग्यांसाठी होता. चौदा वर्षांवरील मुलाला परवान्यावर एखाद्या विश्वासू गृहस्थाकडे किंवा मालकाकडे पाठवण्याची सोय त्यात होती. पण हा अधिकार होता, कर्तव्य नव्हते.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत असे सुचवले. मद्रास (१९२०) आणि बंगाल (१९२२) यांच्यामागोमाग मुंबई प्रांताने १९२४ मध्ये आपला बाल अधिनियम केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरी, मानखुर्द ही नावे या कामाशी जोडली गेली. मूल हे गुन्हेगार नव्हे, परिस्थितीने अडचणीत आलेला जीव आहे, ही दृष्टी येथे रुजू लागली. मोठीच प्रगती होती ती. पण तीही मूल आत असेपर्यंतची.

बाहेर पडल्यानंतरचा विचार स्वतंत्रपणे मांडला गेला तो स्वातंत्र्यानंतर. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने नेमलेल्या अनुरक्षण सल्लागार समितीचे अध्यक्ष होते प्रा. मा. स. गोरे, पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले समाजशास्त्रज्ञ. समितीचा अहवाल १९५५ चा. संस्थेतली वर्षे आणि समाजातले आयुष्य यांच्यामध्ये एक पूल लागतो, हे तेव्हापासून सरकारदरबारी मान्य आहे. महाराष्ट्रातला ‘अनुरक्षण गृह’ हा शब्द याच विचाराचा.

मान्यता आणि हक्क यांत मात्र अंतर राहिले. शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध आदेश दिले, आणि त्याच वर्षी देशासाठी एकच बालन्याय कायदा झाला. त्यात मुलासाठी सोळा व मुलीसाठी अठरा अशी वयोमर्यादा होती. २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा केली. तिन्ही कायद्यांत, १९८६, २००० आणि २०१५, अनुरक्षणाचे कलम आहे. सध्याच्या कायद्याचे कलम ४६ सांगते की अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्याला समाजात मिसळण्यासाठी आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. साहाय्याची मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत. १८५० ची एकवीसची मर्यादा अशी फिरून परत आली. नियमांत सहा ते आठ जणांनी एकत्र राहण्याची तात्पुरती घरे आहेत, विद्यावेतन आहे, व्यवसाय प्रशिक्षण आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले.

कागदावर आज जेवढे आहे तेवढे पूर्वी कधीच नव्हते. परंतु सारा भार अजून ‘देता येईल’ या दोन शब्दांवर आहे. मुलाला दाखल करून घेताना कायदा आज्ञार्थी बोलतो. निरोप देताना तो विध्यर्थी होतो. घरातल्या अठरा वर्षांच्या पोराला आपण ‘आता तुझे तू बघ’ म्हणत नाही. शिक्षण संपेपर्यंत, नोकरी लागेपर्यंत, कित्येकदा त्यानंतरही, त्याच्या पाठीशी घर असते. ज्याला घरच नाही, त्याला मात्र वाढदिवसाच्या तारखेने स्वावलंबी ठरवले जाते. भाडेकरार, अनामत रक्कम, हमीदार, आजारपणात उशाशी बसणारे माणूस : यांतले काहीच त्या तारखेला आपोआप मिळत नाही.

डोंगरीच्या दाराशी १८८२ मध्ये जमलेल्या गर्दीची इतिहासाने आठवण ठेवली. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या स्वागताला गर्दी नको. खोलीची किल्ली हातात देणारे आणि महिन्याने ‘कसा आहेस?’ म्हणून विचारायला येणारे एक माणूस पुरे. पण ते आले तर आले, असे असून चालणार नाही. ते येणे कायद्याने बंधनकारक हवे.