पेव आणि ओलीची चाहूल

जमिनीत खड्डा, म्हणजे पेव, करून धान्य साठवण्याची रीत दख्खनमध्ये फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांशेजारी असे खड्डे सापडले. ते ३,००० वर्षांहून जुने आहेत. पुढे गावोगावी ज्वारीची पेवे झाली. सांगलीजवळच्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाशेजारी, हळदीच्या पेवांवर मोठा व्यापार उभा राहिला.

पेवाचे तोंड अरुंद आणि पोट रुंद. खोली माणसाच्या उंचीच्या तिप्पट-चौपट. आतून शेणमातीचा लेप देत आणि तळाला व कडेने पाचट किंवा कडबा लावत. हळकुंडे भरून झाली की तोंड मातीने बंद करत. हवा कोंडल्यामुळे आत कीड जगत नसे आणि माल काही वर्षे टिके. हरिपूरची माती चिकट व घट्ट असल्याने पाणी सहसा झिरपत नसे, तरी पेवाचा खरा वैरी पाणीच होता.

त्याची चाहूल आधी तोंडाशी लागे. भोवतालची जमीन वाळली तरी तिथली माती ओलसर राहिली, किंचित खचली किंवा तिला भेग पडली, तर पावसाचे पाणी आत वाट शोधते आहे असे समजावे. पेव उघडताच कुबट वास आला तर शंका पक्की होई. मात्र लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते, कारण बंद पेवात प्राणवायू उरत नाही. म्हणून तोंड बराच वेळ उघडे ठेवत आणि कंदील सोडून पाहत. तो विझला तर थांबत. आत गेल्यावर आधी कडेचा थर बघावा लागे. भिंतीची ओल पहिल्यांदा पाचटाला लागते, ते काळे पडते, मग लगतच्या मालावर बुरशी येते. ज्वारीत हात घातल्यावर ऊब लागली तर दाणा ओलावला असे ठरे. वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत आवाज देते. ओल धरलेले चिवट होते, वाकते. एवढ्या बारीक खुणांवर लाखमोलाचा माल वाचत असे. ही जाण पेव बांधण्याच्या कसबाइतकीच मोलाची होती, पण तिची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

ही सारी पारख मात्र हळूहळू पाझरणाऱ्या पाण्याची होती. २००५च्या महापुरात कृष्णेचे पाणी वरून, थेट तोंडातून पेवांत शिरले. हळद कुजली, अनेक पेवे ढासळली. जी जमीन पाणी झिरपू देत नव्हती, तिने आत शिरलेले पाणीही लवकर जिरू दिले नाही. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. २०१९चा पूर त्याहूनही उंच चढला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर तिचा बहुतेक साठा जमिनीखालून वर आला होता.