मनगटातील बळ : मुळे कोपराजवळ, कसोटी मैदानावर

प्रतिनिधी, पनवेल

मुंबई-गोवा महामार्गावरून पनवेल सोडून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात आकाशात वर केलेल्या अंगठ्यासारखा कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. या सुळक्यावर चढणाऱ्या प्रस्तरारोहकाचे पाय कितीही दणकट असले, तरी मोक्याच्या क्षणी त्याचा भार बोटांवर आणि मनगटांवरच येतो. याच महामार्गालगतच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावले. एडनच्या तुरुंगात असताना १८८३मध्ये त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उखडून पळ काढल्याचे सांगितले जाते. मनगटातील बळाचे मोल या परिसराला नव्याने सांगावे लागू नये.

तरीही आजचे चित्र पाहिले तर वेगळेच दिसते. व्यायामशाळेत जाणारा तरुण दंड आणि छाती फुगविण्यावर भर देतो. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, म्हणजे अग्रबाहू, मात्र दुर्लक्षित राहतो. याची किंमत मैदानावर चुकवावी लागते. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना ७.२६० किलोचा, तर महिला उमेदवारांना ४ किलोचा गोळा फेकावा लागतो. खांदा तयार आहे, पण मनगट कच्चे आहे, अशा उमेदवाराचा गोळा ऐन वेळी हातातून घसरतो किंवा मनगट मागे मुरगळते. वर्षभराची मेहनत त्या एका दुखापतीने वाया जाऊ शकते. म्हणूनच मनगट व अग्रबाहूच्या व्यायामाची शास्त्रशुद्ध ओळख करून घेणे आवश्यक ठरते.

रचना समजून घ्या

मनगटात लहान-लहान आठ हाडे दोन रांगांत बसविलेली असतात. स्वतः मनगटात फारसे मांसल स्नायू नाहीत. पंजा आणि बोटे हलविणारे बहुतेक मोठे स्नायू अग्रबाहूत असतात व त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटावरून पुढे जातात. मूठ आवळून पाहिल्यास मनगटाच्या आतील बाजूस या दोऱ्या ताणलेल्या दिसतात. त्यामुळे ‘मनगट मजबूत करणे’ याचा खरा अर्थ अग्रबाहू मजबूत करणे असा होतो.

या स्नायूंचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पंजा तळव्याकडे वाकविणाऱ्या स्नायूंचा उगम प्रामुख्याने कोपराच्या आतील उंचवट्याजवळ, तर पंजा मागे उचलणाऱ्यांचा बाहेरील उंचवट्याजवळ असतो. तिसरा गट तळवा वर-खाली फिरवितो. किल्ली फिरविताना आपण हीच हालचाल करतो.

यांपैकी दुसऱ्या गटाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. त्याचे महत्त्व समजण्यासाठी एक साधा प्रयोग करावा. मनगट पूर्णपणे आत वाकवून मूठ आवळावी. पकड ढिली पडलेली जाणवेल. आता मनगट किंचित मागे नेऊन मूठ आवळावी; पकड घट्ट होते. याचाच अर्थ, मनगट मागे स्थिर धरणारे स्नायू दुबळे असतील तर पकडही दुबळीच राहते. केवळ मूठ दाबण्याचा व्यायाम करून पकड सुधारत नाही, त्याचे कारण हेच होय.

तालमीची शिदोरी

महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेने हे ज्ञान फार पूर्वीपासून साधनांत उतरविले आहे. लांबट लाकडी मुद्गल खांद्यावरून फिरविताना त्याचा तोल मुठीजवळ नव्हे तर टोकाकडे असतो. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात मनगटाला तो सावरावा लागतो. आज मिरवणुकीत दिसणारी लेझीमही मुळात व्यायामाचेच साधन; जड साखळीची लेझीम खेळविताना मनगट आणि अग्रबाहू भरून येतात. जोर काढताना तळवे जमिनीवर रोवून शरीर पुढे-मागे झोकावे लागते, त्यात मनगटाला भार पेलण्याची सवय होते.

मल्लखांबाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर शरीर तोलायचे, तर हाताची पकड आणि मांड्यांचा विळखा दोन्ही पक्के हवेत. दोरीच्या मल्लखांबात तर हाताच्या पकडीची परीक्षा अधिकच कडक होते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. १९५२मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळविणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे याच मातीतील तालमीत घडलेले मल्ल. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले.

याउलट उदाहरण दांडपट्ट्याचे. या शस्त्राच्या लोखंडी खोबणीत मनगट जवळजवळ बंदिस्त होते. वार कोपर आणि खांद्यातून निघतो. म्हणजेच कोणत्या कामात मनगट हलवायचे आणि कोणत्या कामात ते निश्चल ठेवायचे, याचा विवेक जुन्या वस्तादांकडे होता. क्रीडापटूंनीही तो ठेवावा.

कोणत्या खेळाला काय हवे?

कुस्ती आणि रायगड जिल्ह्यात गावोगावी खेळल्या जाणाऱ्या कबड्डीत प्रतिस्पर्ध्याचे मनगट वा घोटा धरून ठेवणारी पकड लागते. क्रिकेटमध्ये फलंदाजाला बॅटचा वेग आणि दिशा नियंत्रित करण्यासाठी, तर फिरकी गोलंदाजाला चेंडूला वळण देण्यासाठी मनगट व बोटे लागतात. बॅडमिंटनच्या जोरदार फटक्यात ‘मनगटाचा झटका’ म्हणून जे ओळखले जाते, ते बहुतांशी अग्रबाहूचे फिरणे असते. गोळाफेकीत व व्हॉलीबॉलमध्ये मागे वाकलेल्या मनगटाला अचानक येणारा भार सोसावा लागतो. प्रस्तरारोहणात व मल्लखांबात स्वतःच्या वजनाइतका भार बोटांवर पेलावा लागतो. नेमबाजी व तिरंदाजीत ताकदीपेक्षा स्थैर्य आणि दीर्घकाळ न थकणे महत्त्वाचे. आपल्या खेळाची गरज ओळखूनच व्यायामाची निवड करावी.

प्रत्यक्ष व्यायाम

सुरुवातीस पाच मिनिटे मनगटे दोन्ही दिशांनी हळुवार फिरवावीत, मुठी उघडझाप कराव्यात. त्यानंतर पुढील व्यायाम करावेत.

१) तळवा वर ठेवून मनगट वाकविणे : बाकावर बसून अग्रबाहू मांडीवर टेकवावा, पंजा गुडघ्यापुढे मोकळा ठेवावा. हातात एक-दोन किलोचे डंबेल घ्यावे. ते नसल्यास पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली चालते, तिचे वजन सुमारे एक किलो भरते. पंजा वर उचलून सावकाश खाली न्यावा.

२) तळवा खाली ठेवून मनगट उचलणे : बैठक तीच, मात्र वजन पहिल्या व्यायामाच्या साधारण निम्मे. उचलण्यास एक आणि खाली नेण्यास तीन ते चार सेकंद द्यावेत. भार खाली नेतानाची ही संथ हालचालच कोपराबाहेरील कंडरा सुदृढ करण्यासाठी विशेष उपयुक्त समजली जाते.

३) हातोडी फिरविणे : घरातील हातोडीचा दांडा टोकाकडे धरावा, कोपर अंगालगत काटकोनात ठेवावे. हातोडी सावकाश आत व बाहेर आडवी करावी. जड वाटल्यास दांडा डोक्याच्या जवळ धरावा. हाच व्यायाम हात खाली सोडून, हातोडी पुढे-मागे उचलून केल्यास अंगठ्याच्या व करंगळीच्या बाजूचे स्नायूही काम करतात.

४) दोरी गुंडाळणे : फूटभर लांबीच्या गोल दांड्याला मीटरभर दोरी बांधून तिच्या टोकाला एक-दोन किलो वजन लावावे. दांडा दोन्ही हातांनी समोर धरून दोरी गुंडाळावी आणि तितक्याच सावकाश उलगडावी. अशा दोन-तीन फेऱ्या पुरेत.

५) भार धरून चालणे : दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या भरलेल्या बादल्या किंवा डंबेल घेऊन, पाठ ताठ ठेवून वीस ते तीस मीटर चालावे. सर्व खेळांना उपयोगी पडणारा हा व्यायाम आहे.

६) लोंबकळणे : सिंगलबारला दोन्ही हातांनी पंधरा ते तीस सेकंद लटकावे. खांदे पूर्ण सैल सोडू नयेत. सराव वाढल्यावर बारवर टॉवेल टाकून त्याची टोके धरावीत. पकडीची परीक्षा अधिक कठीण होते. लष्कर भरतीसाठी पुलअप्सची तयारी करणाऱ्यांनी प्रथम हे साध्य करावे.

७) टॉवेल पिळणे : जाड ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळावा. खर्च शून्य आणि लाभ मोठा.

८) बोटे उघडणे : पाचही बोटांभोवती रबरबँड अडकवून बोटे फाकवावीत किंवा तांदळाच्या डब्यात हात खुपसून बोटे उघडावीत. दिवसभर मूठ आवळण्याचेच काम करणाऱ्या हाताचा तोल यामुळे राखला जातो.

पहिल्या तीन व्यायामांची प्रत्येकी १२ ते १५ आवर्तने, असे दोन संच पुरेसे आहेत. आठही व्यायाम एकाच दिवशी करण्याचा अट्टहास नको. चार-पाच निवडावेत व पुढील वेळी बदलावेत.

वेळापत्रक आणि पथ्य

हे व्यायाम आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस आणि मध्ये किमान एक दिवस विश्रांती ठेवून करावेत. खेळाच्या सरावाआधी ते कधीही करू नयेत. थकलेल्या अग्रबाहूने बॅट धरणे किंवा खांबावर चढणे म्हणजे दुखापतीला आमंत्रणच. सराव संपल्यावर किंवा स्वतंत्र दिवशी करणे श्रेयस्कर.

स्नायू काही आठवड्यांत ताकद दाखवू लागतात. कंडरा मात्र बळकट व्हायला महिने घेतात. बहुतेक दुखापती या तफावतीतून उद्‌भवतात. ताकद वाढली म्हणून भार झपाट्याने वाढविला जातो आणि कोपराजवळ दुखू लागते. ठरलेली आवर्तने सलग दोन आठवडे सहज जमू लागल्यावरच वजन थोडे वाढवावे.

वाढीच्या वयातील मुलांच्या मनगटाजवळील हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यांनी जड वजनांऐवजी मल्लखांब, दोरी, जोर यांसारखे स्वतःच्या वजनाचे व्यायाम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, बेताने करावेत. मनगट सतत दुखत असल्याची तक्रार मुलाने केल्यास तिला आळसाचे नाव देऊ नये.

दुखणे अंगावर काढू नका

कोपराच्या बाहेरील बाजूचे दुखणे ‘टेनिस एल्बो’ म्हणून ओळखले जाते. टेनिसची रॅकेट कधी हातात न धरलेल्यांनाही ते होते. सचिन तेंडुलकरला २००४मध्ये याच दुखण्याने ग्रासले. मे २००५मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून तो परतला. अव्वल वैद्यकीय मदत हाताशी असलेल्या खेळाडूचे महिनेच्या महिने गेले, तर सामान्य खेळाडूने हे दुखणे अंगावर काढणे किती महागात पडेल, याची कल्पना यावी. सुदैवाने बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. भार कमी करणे आणि फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली क्रमाक्रमाने व्यायाम यांनी आराम पडतो.

दोन लक्षणांकडे मात्र कदापि दुर्लक्ष करू नये. पहिले, पसरलेल्या हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यास दुखणे. तेथील नौकेच्या आकाराचे छोटे हाड मोडलेले असू शकते. ते पहिल्या एक्स-रेमध्ये नेहमीच दिसते असे नाही आणि रक्तपुरवठा मर्यादित असल्याने उपचारास विलंब झाल्यास ते जुळणे अवघड होते. ‘नुसती लचक आहे’ म्हणून चोळून घेणे येथे घातक ठरते. दुसरे, अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला, विशेषतः रात्री, येणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा. मनगटातील बोगद्यातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येत असल्याची ती खूण असू शकते. दोन्ही बाबतींत व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

व्यायामानंतर होणारा हलका ठणका दुसऱ्या दिवशी ओसरत असेल तर काळजीचे कारण नाही. तो वाढत असेल, रोजचा चहाचा कप उचलतानाही कळ येत असेल, तर तो शरीराने दिलेला इशारा समजावा. भरतीच्या तयारीला लागलेल्या तरुणांनी तर चाचणीच्या आधी तीन-चार महिने या व्यायामांना प्रारंभ करावा आणि शेवटच्या आठवड्यात ते बंद ठेवून मनगटांना विश्रांती द्यावी. हातोडी, बादली, टॉवेल आणि तांदळाचा डबा ही साधने प्रत्येक घरात आहेत. लागतो तो केवळ नियमितपणा.