मॉड्यूलाचें बारसें

नामकरणाचा प्रश्न संगणकाच्या व्यवहारांत प्रथमदर्शनीं क्षुल्लक भासतो. परंतु आपली कृति जो मुक्तस्रोत म्हणून सर्वांस विनामूल्य देतो, त्याला ती अनोळखी माणसाच्या हातीं पोंचविण्यास नांवावांचून दुसरा दूत नसतो.

लॅरी वॉल यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या भाषेस ते 'पर्ल', म्हणजे मोती, असें नांव देणार होते. त्या नांवाची भाषा आधींच अस्तित्वांत आहे असें कळतांच त्यांनीं इंग्रजी लेखनांतलें 'ए' हें अक्षर गाळलें. उच्चार तोच राहिला. इतक्या स्वस्तांत तंटा मिटण्याचें भाग्य सर्वांनाच लाभत नाहीं.

१९९४ च्या पांचव्या आवृत्तीनें या भाषेंत मॉड्यूलें, म्हणजे एकदां लिहून कोणींहि वापरावे असे सुटे भाग, रचण्याची चांगली सोय केली, व १९९५ सालीं त्यांचें 'सीपॅन' हें सार्वजनिक भांडार उघडलें. तेथील नांवाची रीत आपल्या पत्त्याच्या उलट आहे. आपण आधीं घर, मग गांव, मग जिल्हा लिहितों. तेथें जिल्हा आधीं. प्रथम 'टेक्स्ट', म्हणजे मजकूर, पुढें आपल्या विसर्गासारखीं दोन चिन्हें, मग 'रॅप'. मजकुराच्या ओळी ठराविक रुंदींत बसविणारें हें मॉड्यूल, हें नांवावरूनच उमगतें. नवा जिल्हा वसविण्यापूर्वीं इतरांचें मत घ्यावें, असा तेथील शिष्टाचार. तरीहि २००६ सालीं 'मूस' आलें. हें उत्तर अमेरिकेंतल्या एका सांबरासारख्या प्राण्याचें नांव. कार्याशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं, आणि तरी पुढें त्याचें गोत्रच निर्माण झालें! हा अपवाद मला खटकत नाहीं. पण नवख्यानें त्याच्या भरंवशावर राहूं नये.

खरा अनर्थ २०१६ च्या मार्चांत 'एनपीएम' या जावास्क्रिप्टच्या भांडारांत घडला. 'किक' नांवाच्या मॉड्यूलावर त्याच नांवाच्या कंपनीनें हक्क सांगितला. चालकांनीं नांव तिला देऊं केलें. रुष्ट कर्त्यानें आपलीं सारींच मॉड्यूलें काढून घेतलीं. त्यांत 'लेफ्ट-पॅड' होतें: अवघ्या ११ ओळी, काम शब्दाच्या डावीकडची रिकामी जागा भरण्याचें, नांव अगदीं स्वच्छ. त्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प उभारतांना कोसळूं लागले. दुसऱ्या एकानें दहा मिनिटांत त्याच नांवानें तसेंच मॉड्यूल ठेवलें; परंतु त्याची आवृत्ति १.०.० होती, आणि पुष्कळ प्रकल्प ०.०.३ हीच मागत राहिले. अखेर त्याच दिवशीं चालकांनीं ती जुनी आवृत्ति पुन्हा जागेवर ठेवली.