न विकली जाणारी बंदूक : किनवट परिसरातील शस्त्र, वारसा आणि परवाना

शस्त्रांच्या इतिहासाकडे आपल्याकडे आजवर बहुतांशी दोनच दृष्टींनी पाहिले गेले आहे. एक युद्धशास्त्राची, तीत कोणत्या लढाईत कोणाच्या तोफा किती लांब मारा करीत होत्या याची चिकित्सा असते. दुसरी संग्रहालयाची, तीत घाट, नक्षी, पोलाद व मूठ यांचे वर्णन असते. परंतु शस्त्र घरात का राहते, त्याचा काही उपयोग उरलेला नसताना आणि पैशाची निकड असतानाही मालक ते विकावयास तयार का होत नाही, हा प्रश्न इतिहासाचा समजला जात नाही. भावनेचा म्हणून तो बाजूस ठेवला जातो. प्रस्तुत लेखात किनवट व त्याच्या भोवतालचा नांदेड जिल्ह्याचा मुलूख समोर ठेवून असे प्रतिपादन करावयाचे आहे की, बंदुकीविषयीचे हे ममत्व वाटते तितके पुरातन नाही. ते बरेच अलीकडचे आहे, आणि ते घडविण्यात घराण्याच्या अभिमानाइतकाच सरकारी परवान्याचाही हात आहे.

प्रथम एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. महाराष्ट्रात तलवारीला नाव असते. शिवछत्रपतींची भवानी सर्वांना ठाऊक आहे. तोफेलाही नाव असते: दौलताबादची मेंढा तोफ, जंजिऱ्याची कलाल बांगडी, विजापूरची मलिक-ए-मैदान. या दोहोंच्या मध्ये जी हातातली बंदूक, तिला मात्र नाव नाही. शस्त्रपूजेच्या दिवसाचे नावदेखील खंड्यावरून पडले आहे. खंडेनवमीच्या पाटावर बंदूक ही पाहुणी म्हणूनच आली. असे का व्हावे? तोड्याच्या बंदुकीची बनावट पाहिली म्हणजे याचे उत्तर काही अंशी मिळते. नळीत दारू व गोळी गजाने ठासावयाची, कानावर रंजक टाकावयाची आणि पेटत्या जामगीने ती शिलगवावयाची, असा हा खटाटोप होता. पावसात जामगी विझे आणि रंजक भिजे. असले हत्यार प्रतिष्ठेचे मानकरी होणे अवघडच होते. ते प्रायः पायदळाचे साधन होते.

याहून महत्त्वाचे कारण मालकीचे आहे. मराठी लष्करात शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदाराचे घोडे व हत्यार त्याच्या स्वतःच्या घरचे, तर बारगिराचे सरकारचे. शिलेदाराने हत्यार विकले तर त्याची चाकरीच गेली. म्हणून ते विकावयाचे नसते हा संस्कार त्याच्या घरात रुजला. पुढे कवायती पलटणी उभ्या राहिल्या, त्यांतील गारद्याच्या हाती सरकारी कोठारातील बंदूक आली. चाकरी सुटली की ती परत जावयाची. जी वस्तू आपली नव्हती, तिचा वारसा कोठून निर्माण व्हावा?

नांदेड जिल्ह्यातच याला एक थोर अपवाद आहे. गुरू गोविंदसिंह यांचे १७०८ साली नांदेड येथे निर्वाण झाले. तेथील सचखंड हुजूर साहिब या तख्तावर त्यांची म्हणून जी शस्त्रे जतन केली आहेत, त्यांत सोन्याचा खंजीर, तलवारी, धनुष्ये, बाण व ढाल यांच्याबरोबर तोड्याची एक बंदूकही आहे. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाचा सोहळा होतो. गोदावरीचे पाणी आणून तख्त धुतले जाते व शस्त्रे स्वच्छ केली जातात. बंदुकीला इतका मान दुसरीकडे क्वचितच लाभला असेल. पण हा मान ज्या हातांनी ती धरली त्या हातांचा आहे. ती धारण केलेल्या पुरुषाची खूण म्हणून पूज्य ठरली आहे. घराच्या खुंटीवरील बंदुकीचे कोडे त्याने सुटत नाही.

किनवटच्या बाजूस आणखी एक जुनी परंपरा दिसते, आणि तिची दखल घेतल्याखेरीज या भागाविषयी काहीही लिहिणे अपुरे होय. राजगोंडांचे कुलदैवत पर्सा पेन हे लोखंडी भाल्याच्या पात्याने व पांढऱ्या चवरीने दर्शविले जाते. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांवर १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दैवताचे विस्तृत वर्णन आहे. किनवट त्या वेळी त्याच जिल्ह्यात होते. म्हणजे शस्त्र हे कुळाचे प्रतीक असून त्याचा क्रयविक्रय संभवत नाही ही कल्पना या रानात फार पूर्वीपासून होतीच. फक्त ते शस्त्र भाला होते.

एकोणिसाव्या शतकात बंदूक गढ्यांत शिरली ती बहुधा भाडोत्री हातांतून. निजामाच्या मुलखात अरब व रोहिले शिपाई वसुलीसाठी, पहाऱ्यासाठी आणि पुष्कळदा सावकारीसाठीही गावोगाव पसरले होते, आणि अरबांची लांब नळीची तोड्याची बंदूक प्रसिद्धच होती. हदगाव तालुक्यातील नव्ह्याच्या गढीला १८१९ साली हैदराबादच्या फौजेने वेढा घातला, तेव्हा नौसाजी नाइकांच्या बाजूने आत अरब लढत होते. १८६५ साली पहिल्या सालारजंगांनी जिल्हाबंदी अमलात आणली व बंदोबस्त सरकारी पोलिसांकडे गेला. या सबंध काळात बंदूक ही बंदुकच्याबरोबर येणारी आणि त्याच्याबरोबर जाणारी वस्तू होती. धन्याच्या भिंतीवर ती कायमची टांगली जाण्यास भाडोत्री शिपायाचे दिवस संपावे लागले.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य वाटते. घराण्याच्या आठवणीत जी बंदूक आजोबांची म्हणून प्रेमाची असते, तीच ओसरीखाली उभ्या असलेल्या कुळाच्या, कोलामाच्या किंवा गोंडाच्या आठवणीत निराळी असू शकते. जंगलजमिनीच्या हक्कासाठी उठलेले कोमरम भीम व त्यांचे सहकारी १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, तो प्रसंग याच आदिलाबाद जिल्ह्यातला आहे. त्यानंतर आठ वर्षांनी रझाकारांच्या हातातील बंदुकीने साऱ्या मराठवाड्याची झोप उडविली. उलट ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांना पैसा हवा होता तो लढा चालविण्यासाठी व शस्त्रांसाठी. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर रझाकार संघटना मोडली गेली व शस्त्रे जमा होऊ लागली. त्या धामधुमीतून जी बंदूक घरात टिकली, तिला तेव्हापासून एक चरित्र प्राप्त झाले. कोणी ती बाळगली, कोणाविरुद्ध, आणि कोणाच्या रक्षणासाठी, ही चरित्राची तीन अंगे आहेत. बंदुकीविषयी माहिती विचारणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ गढीत बसून ती लिहून घेऊ नये, वेशीबाहेरही जावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात, आणि म्हणून मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्रात. एकाच पिढीने तीन राज्यांचे अंमल पाहिले. दप्तराची उर्दू गेली व मराठी आली, फसली सन गेला. जहागिरी १९४९ साली आणि इनामे १९५४ च्या कायद्याने संपुष्टात येऊ लागली होतीच. त्यानंतर एका वर्षाच्या आत तीन गोष्टी घडल्या. शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा महाराष्ट्राचा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद १ जानेवारी १९६३ पासून रद्द झाले. हे तीन कायदे तीन निराळ्या हेतूंनी झालेले आहेत आणि त्यांचा परस्परांशी संबंध कोणी जोडल्याचे आढळत नाही. परंतु पाटलाच्या किंवा देशमुखाच्या घरातून पाहिले असता ते एकत्रच येतात. जमिनीला मर्यादा पडली, पद गेले, आणि ज्यावर घरातील कर्त्या पुरुषाचे नाव व सरकारचा शिक्का एकत्र आहे असा कागद एकच उरला; तो म्हणजे बंदुकीचा परवाना.

या कागदाचे गुणधर्म वतनाच्या सनदेशी विलक्षण जुळतात. शेताचे वाटे पडतात, वाड्याचे पडतात, भांड्यांचेही पडतात. बंदुकीचा वाटा पडत नाही. ती एकाच भावाकडे जाते आणि तिच्यामागोमाग थोरलेपण जाते. कायद्याच्या दृष्टीने शस्त्राची मालकी आणि ते जवळ बाळगण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत: पिता वारल्यावर बंदूक वारसांची होते, पण परवाना मिळेपर्यंत ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि ठरलेल्या मुदतीत वारसाने ती सोडवून घेतली नाही वा विकली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, तर हयातीतच वारसाचे नाव सुचविता येते. दत्तकाची मंजुरी मिळविण्यासाठी पूर्वी जी धडपड होई, तिची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. उलटपक्षी विक्री करावयाची तर जिल्हादंडाधिकाऱ्यास पंचेचाळीस दिवस आधी लेखी कळवावे लागते. अर्थात विक्री ही गावभर होणारी जाहीर गोष्ट ठरते. शेत विकल्याची लाज एक वेळ झाकता येईल, बंदूक विकल्याची नाही.

दरम्यान तिचा उपयोग मात्र घटत गेला. पैनगंगेच्या काठच्या रानात शिकार हा जुना षोक होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिच्यावर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती संपलीच. त्या नदीकाठचे जंगल पुढे अभयारण्य झाले. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु राखणीची बंदूक आणि खुंटीवरची बंदूक या दोन निराळ्या जाती होत. पहिली झिजते, दुसरी पुसली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते उपयोग संपणे हे ममत्व वाढण्याचे कारणच आहे. जी वस्तू रोज हाताळावी लागते तिच्यात पूर्वज दिसेनासे होतात.

सरकारचा हात नसताना काय होते, हे कोडगूत पाहावयास मिळते. तेथील कोडवांना एकोणिसाव्या शतकापासून परवान्याची सूट आहे. २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली. कैलपोद सणाला तेथे बंदुकीला फुले वाहतात. ती समाजाची खूण आहे, एका घरापुरती मर्यादित नाही. आपल्याकडे परवाना व्यक्तीच्या नावे असल्यामुळे ममत्वही घरापुरते, किंबहुना घरातील एका शाखेपुरते, आकुंचित झाले.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. जादा शस्त्र वर्षाच्या आत जमा करावयाचे होते. ज्यांच्याजवळ तीन होती त्यांना एक निवडून काढावे लागले: नव्या बनावटीची दुनळी, की आजोबांची ठासणीची? त्या वर्षीचे जिल्हा कचेऱ्यांतील अर्ज या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. पदवीचा प्रबंध शोधणाऱ्याने तेथून आरंभ करावा, आणि नळीवरील ठसे, क्रमांक व दस्त्याची दुरुस्ती यांचीही नोंद करावी; पुष्कळदा नळी एका काळची आणि दस्ता दुसऱ्या काळचा निघतो.

कायद्यात एक पळवाट आहे. जुनाट बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ते अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे परवान्याच्या, निवडणुकीत ठाण्यात जमा करण्याच्या आणि नूतनीकरणाच्या फेऱ्यांतून मालकाला कायमचे सुटावयाचे असेल, तर बंदुकीतून पुन्हा कधीही बार निघणार नाही अशी तिची अवस्था असली पाहिजे. ज्याने कित्येक वर्षांत तिचा एकही बार काढलेला नाही, असा मालकही नळी बुजविण्यास सहसा राजी होत नाही. तो नूतनीकरणाचा अर्ज भरतो.