पुढाऱ्याची शिकवणी

‘जात्याच पुढारी’ हा शब्दप्रयोग आपल्या चरित्रग्रंथांत फार सैलपणे वापरला जातो. चरित्रनायक बालपणीच सवंगड्यांना हुकूम सोडतो, पुढे त्याच्या एका शब्दावर माणसे उभी राहतात, आणि हे कसब त्याने कोठे मिळवले असे कोणी विचारीत नाही. माझ्या मते दुसऱ्याच्या मनात धीर निर्माण करणे ही शिकावी लागणारी विद्या आहे. आणि ती शिकवणारे बहुधा तेच असतात, ज्यांचे पुढारीपण करायचे असते. १९४५चा ठाणे जिल्ह्यातील वारली उठाव या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

गोदावरी परुळेकर या पूर्वाश्रमीच्या गोखले. जन्म १९०७चा, घर पुण्यातल्या वकिलाचे, शिक्षण कायद्याचे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास झाला. पुढे भारत सेवक समाजात त्या दाखल झाल्या. मुंबईत प्रौढ साक्षरतेचे काम केले, घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. १९३९मध्ये शामराव परुळेकरांशी विवाह झाला आणि दोघेही कम्युनिस्ट पक्षाच्या कामात पडले. म्हणजे वारल्यांकडे जाण्यापूर्वी सभा, निवेदन, पत्रक, वर्ग ही सार्वजनिक कामाची सारी हत्यारे त्यांच्या हाती होती. गंमत अशी, की डहाणू-उंबरगावच्या जंगलात त्यांतली बहुतेक बोथट ठरणारी होती. जेथे अक्षरओळख जवळजवळ नाही तेथे पत्रक कोण वाचणार? आणि पांढरपेशा माणूस म्हणजे सावकार, जंगलखात्याचा अंमलदार किंवा पोलीस एवढाच ज्यांचा अनुभव, ते पुण्या-मुंबईच्या बाईवर विश्वास का ठेवणार?

तेव्हाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली. वारली त्याच जमिनीवर कूळ किंवा मजूर. जमीनदाराच्या शेतावर आणि घरी फुकट राबायचे, ती वेठ. लग्नासाठी कर्ज काढावे, तर ते फेडण्यासाठी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे. हिशेब सावकाराच्या वहीत असल्यामुळे कर्ज जन्मभर फिटत नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. नकार देणाऱ्याला मार होता. दुःख काय आहे हे वारल्यांना बाहेरून येऊन कोणी सांगण्याची गरज नव्हती. ते मोडता येते, आणि ते मोडायला आपण एकटे नाही, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगावकडचे मोजके वारली आले होते. त्यांतला माह्या धांगडा हा बोलायला उभा राहिला आणि त्याने आपल्या लोकांची कहाणी आपल्याच बोलीत सांगितली. मला या उठावाचा आरंभ येथे दिसतो. परिषद भरवणाऱ्यांनी जंगलाकडे वळावे, ही प्रेरणा त्यांना एका वारल्याने दिली. आपण ‘पुढाऱ्याने लोकांना जागे केले’ असे लिहितो तेव्हा आधी पुढारी कोणामुळे जागा झाला, हे लिहायचे राहून जाते.

त्यानंतर परुळेकर दांपत्य त्या मुलखात गेले. पाड्यापाड्यांतून पायी हिंडणे, झोपडीत मुक्काम, वारल्यांच्या ताटातले जेवण, हा क्रम सुरू झाला. २३ मे १९४५ला झरी या गावी सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. झरी आता पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात येते. त्या सभेतले निर्णय पाहावेत. दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करायचे नाही. वेठ करायची नाही. कोणी मारायला आला तर प्रतिकार करायचा. सर्वांनी एकजुटीने राहायचे.

यात समाजवादाची व्याख्या नाही, सरकारकडे पाठवायचे निवेदनही नाही. प्रत्येक निर्णय असा, की तो पाठ करून घरी नेता येईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पाड्यावर अमलात आणता येईल. पुन्हा, तो अमलात आणायला बाईंनी तेथे हजर असण्याची जरुरी नाही. साक्षरतेचे वर्ग चालवलेल्या बाईंनी निरक्षरांसाठी अक्षराविना ध्यानात राहील असा मजकूर तयार केला, असे म्हणता येईल. लाल बावटा हातात घेऊन वारलीच गावोगाव हा निरोप सांगत गेले. काही आठवड्यांत त्या भागातली वेठ थांबली. पाठोपाठ जमावाने जाऊन लग्नगडी सोडवण्यात आले.

येथे एक सावधगिरी हवी. या उठावाची हकीकत आपल्याला मुख्यतः परुळेकरांच्याच लेखणीतून मिळते. शामरावांनी त्यावर लिहिले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७०मध्ये आले आणि १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला. वारल्यांचे बोलणे आपण बाईंच्या कानांनी ऐकतो. म्हणून मला लेखिकेच्या शब्दांपेक्षा घडलेल्या गोष्टींचा क्रम अधिक विश्वासाचा वाटतो.

त्या क्रमातली सर्वांत अवघड नोंद तलवाड्याची आहे. पावसाळा संपला की या मुलखात गवत कापणीला येते. त्याचा व्यापार मुंबईशी. १९४५च्या ऑक्टोबरात वारल्यांनी पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मागून संप पुकारला. तोच गावोगाव निरोप फिरला, की तलवाड्याला लाल बावट्याची सभा आहे, बाईंच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या. निरोप खोटा होता. हजारो वारली जमले. १० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

प्रेरणेच्या गौरवगाथांत ही बाजू येत नाही. पाच महिन्यांत लोकांचा विश्वास इतका वाढला होता, की बाईंच्या नावाने कोणीही हाक मारावी आणि माणसे धावत यावीत. हेच बळ शत्रूच्या हाती लागले. झरीचे निर्णय प्रत्येकाच्या हातातले होते, म्हणून ते खोटे पाडता आले नाहीत. तलवाड्याचा निरोप एका व्यक्तीच्या नावावर उभा होता, म्हणून तो खोटा तयार करता आला. पुढाऱ्यावरची माया आणि स्वतःच्या बळावरचा विश्वास या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात. त्यांतला फरक तलवाड्यात पाच जिवांच्या मोलाने कळला.

गोळीबारानंतर सभांवर बंदी आली आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढण्यात आले. पुढारी दूर, गावात पोलीस, पाच जण मेलेले. सरकारचा आणि जमीनदारांचा हिशेब साधा होता : बाई नाहीत म्हणजे संप नाही. तो हिशेब चुकला. वारली कामावर गेले नाहीत आणि अखेर मागितलेला दर द्यावा लागला. पुढच्या वर्षी जंगलकामगारांनी दिवसाला सव्वा रुपया मजुरी मागितली, आणि तीही लाकूडव्यापाऱ्यांना मान्य करावी लागली.

गोदावरीबाईंनी पुढे दीर्घकाळ किसान सभेचे काम केले. १९९६मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे मोठेपण मोजायला झरीची पाच हजारांची गर्दी हे माप लोक सहसा घेतात. मी त्या ऑक्टोबरातले, तलवाड्यानंतरचे दिवस घेईन. तेव्हा त्या जिल्ह्यात नव्हत्या, आणि गवत उभेच होते.