उशाजवळचे शस्त्र आणि तिसरा हात

अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी पिस्तूल घेऊ पाहणाऱ्या जोडप्याला दुकानात जो सल्ला मिळतो तो आता इतका रूढ आहे की त्याला कर्ता उरलेला नाही. दोघांत एकच शस्त्र घ्यायचे असेल तर ज्याचा हात दुबळा आहे त्याला पेलेल असे घ्या. बळकट हाताला हलके शस्त्र चालवता येते, दुबळ्या हाताला जड चालवता येत नाही. सल्ला व्यवहार्य आहे, आणि यंत्राच्या हिशेबाने बरोबरही आहे. आम्हांस कुतूहल वाटते ते त्याच्या पूर्वेतिहासाचे. कारण ज्या कारखान्याने पुढे हा सल्ला बाजारात खपवला, त्यानेच त्याआधी शंभरेक वर्षे याच्या नेमक्या उलट तत्त्वावर एक शस्त्र घडवले होते. दुबळ्या हाताला ते चालू नये, हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जात होते.

मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने १८८७ साली 'सेफ्टी हॅमरलेस' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचा घोडा आतल्या आत झाकलेला होता. त्यामुळे तो अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवता येत नसे, आणि प्रत्येक गोळीसाठी चाप लांबवर व जोराने ओढावाच लागे. शिवाय मुठीच्या पाठीमागे एक पट्टी बसवलेली होती. मूठ घट्ट आवळून ती पट्टी आत दाबली गेल्याखेरीज चाप काम करीत नसे. मूठ आवळण्याच्या या रीतीवरून लोकांनी त्याचे नाव 'लिंबू पिळायचे यंत्र' असे पाडले. कारखान्याचा मालक डॅनियल वेसन याने एका लहान मुलाच्या हातून घडलेल्या अपघाताची हकिकत ऐकली आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. कथेची शहानिशा कठीण आहे. परंतु आठ वर्षांखालच्या सामान्य मुलाला हे रिव्हॉल्व्हर झाडता येणार नाही, हा दावा कारखान्याने उघडपणे केला होता, आणि तो दावा आमच्या दृष्टीने कथेपेक्षा महत्त्वाचा आहे.

महत्त्वाचा अशासाठी, की येथे हाताचे बळ हीच ओळख मानली आहे. कुलूप नाही, किल्ली नाही. जो हात मूठ आवळून चाप ओढू शकतो तो मोठ्या माणसाचा, ज्याला जमत नाही तो मुलाचा. घरातली माणसे या एकाच कसोटीवर दोन गटांत विभागता येतात, असे गृहीत धरलेले आहे. पण त्या घरात एक बाईही असते, कधी म्हातारी आईही असते, कधी संधिवाताने बोटे आखडलेला घरधनी स्वतः असतो. ही माणसे रेषेच्या कुठल्या बाजूला पडतात?

जाहिरातदारांनी या प्रश्नाला बगल दिली, पण मोठ्या चातुर्याने दिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आयव्हर जॉन्सन या कंपनीची एक जाहिरात गाजली. (१९०१ साली बफेलो येथे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडलेले रिव्हॉल्व्हर याच कंपनीचे होते, व्यापारावर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही.) जाहिरातीत बिछान्यात बसलेली एक चिमुरडी हातात रिव्हॉल्व्हर घेऊन आहे, आणि बाबा म्हणतात याने आपल्याला काही इजा होणार नाही, अशा अर्थाचे वाक्य तिच्या तोंडी घातले आहे. आज ते चित्र पाहताना अंगावर काटा येतो. मात्र काटा बाजूला ठेवून त्यातले यंत्र पाहावे. या रिव्हॉल्व्हरचा घोडा हातोडीने ठोकला तरी गोळी सुटत नसे, हा कंपनीचा अभिमान होता आणि तो खरा होता. शस्त्र हातून पडले, कशावर आपटले, तर धोका नाही. चाप ओढला तर? ती मुलगी चाप ओढणार नाही असे चित्रात कुठेच म्हटलेले नाही. 'सुरक्षित' हा एकच शब्द वेसनने एका अर्थाने वापरला आणि आयव्हर जॉन्सनने दुसऱ्या. ग्राहकाने दोन्ही अर्थ एकत्र वाचले.

सॅव्हेज कंपनीने १९०७ सालच्या आपल्या पिस्तुलासाठी थेट स्त्रीलाच पुढे केले. ०.३२ इंची, दहा गोळ्यांचे हे पिस्तूल. रात्रीच्या वेषातली, घरात एकटी असलेली स्त्री ते चोरावर रोखून उभी आहे, अशी चित्रे छापली गेली. बोट दाखवावे तितक्या सहज नेम धरता येतो, नवख्यालाही जमते, असा एकूण सूर. बॅट मास्टरसन या एकेकाळच्या नामांकित शेरीफकडून कंपनीने एक पुस्तिकाही लिहून घेतली. रानटी पश्चिमेचा बंदूकबाज शहरातल्या गृहिणीला धीर देतो, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याच्या धंद्याच्या जाणकारीला दाद द्यावीच लागेल.

याच सुमारास, १९०२ पासून १९२१ पर्यंत, स्मिथ अँड वेसनने 'लेडीस्मिथ' नावाचे ०.२२ इंची, सात गोळ्यांचे एक इवलेसे रिव्हॉल्व्हर बनवले. ते वेश्यांच्या पसंतीस उतरल्याचे कळताच धर्मशील वेसनने ते बंद करून टाकले, अशी एक दंतकथा अनेक ठिकाणी आढळते. वेसन १९०६ साली वारला आणि रिव्हॉल्व्हर त्यानंतर पंधरा वर्षे बनत राहिले, एवढे लक्षात घेतले की कथा गळून पडते. तरी ती टिकली याचे कारण उघड आहे: बाईच्या हातातल्या शस्त्राला आधी तिच्या चारित्र्याचा दाखला लागतो. तेच नाव कारखान्याने १९८९ साली पुन्हा वर काढले, तेव्हा ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरवर ते कोरले होते आणि ग्राहक म्हणून मध्यमवर्गीय सद्गृहिणी डोळ्यांसमोर होती. १९९२ साली कोल्ट कंपनीने 'लेडीज होम जर्नल'मध्ये मुलीला निजवणाऱ्या आईचे चित्र देऊन आत्मरक्षण हा हक्कच नव्हे तर जबाबदारी आहे, असे बजावले.

येथे यंत्राविषयी थोडे सांगणे भाग आहे. बाईसाठी लहान व हलके, ही समजूत जाहिरातींनी इतकी रुजवली की तिच्यामागचे भौतिकशास्त्र झाकून गेले. शस्त्र जितके हलके तितका त्याचा धक्का हाताला अधिक. १९५० साली आलेले पाच गोळ्यांचे 'चीफ्स स्पेशल' साधारण अर्ध्या किलोचे आहे, त्याच ०.३८ इंची काडतुसाचे, चार इंची नळीचे पोलिसी रिव्हॉल्व्हर किलोच्या जवळ जाते. पहिले पर्समध्ये मावते, पण मनगट दुखवते आणि नेम चुकवते. दुसरे जड आहे म्हणूनच सौम्य वाटते. घरात ठेवायच्या वस्तूला पर्समध्ये मावण्याची गरजच नसते, म्हणून अनुभवी शिक्षक जोडप्याला बहुधा दुसरेच सुचवतात. पिस्तुलाची अडचण निराळी: त्याचा वरचा भाग मागे ओढताना आतली स्प्रिंग बोटांची परीक्षा घेते.

आपल्याकडे कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ च्या जानेवारीत 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून आणले, तेव्हाही भर वजनावरच होता: अवघे पाचशे ग्रॅम. काडतूस ०.३२ चेच, ज्याचा मूळ नमुना स्मिथ अँड वेसनने १८९६ साली काढला होता. किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. एका अत्याचाराची आठवण नावात घेऊन आलेली ती वस्तू कोणाच्या आवाक्यात होती, हे वेगळे सांगायला नको.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. २६ जून २००८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात राजधानी वॉशिंग्टनमधील १९७६ पासूनची पिस्तूलबंदी रद्द केली. न्यायमूर्ती स्कालिया यांनी बहुमताच्या निकालपत्रात लोक घरासाठी पिस्तूलच का पसंत करतात याची कारणे दिली आहेत. ते चटकन हाती येईल अशा जागी ठेवता येते. अंगात फारसे बळ नसलेल्यालाही उचलून नेम धरता येतो. एका हाताने ते रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावता येतो. सॅव्हेजच्या जाहिरातींनंतर शंभर वर्षांनी तोच युक्तिवाद संविधानाच्या भाष्यात दाखल झाला. त्यातल्या पहिल्या दोन कारणांजवळ आम्ही थबकतो. चटकन हाती येणारे आणि बळ न लागणारे: वेसनची १८८७ ची पट्टी नेमक्या याच दोन गोष्टींना अडवण्यासाठी होती. दुबळ्या हाताच्या जोडीदारासाठी शस्त्र सोपे करत नेले की ज्या कसोटीवर मूल बाहेर ठेवले होते ती कसोटीच मोडते. मग कपाट आले, कपाटाची किल्ली आली, आणि अर्ध्या रात्री ती किल्ली सापडेल का, ही चिंता आली.

स्मिथ अँड वेसनने मार्च २००० मध्ये क्लिंटन सरकारशी करार करून, केवळ अधिकृत हातातच चालेल असे शस्त्र विकसित करण्याचे कबूल केले होते. ग्राहकांनी बहिष्कार घातला. १९८७ साली सव्वा अकरा कोटी डॉलरना विकत घेतलेली कंपनी २००१ साली ब्रिटिश मालकांनी दीड कोटी डॉलर आणि कर्जाचा बोजा एवढ्यावर विकून टाकली. पुढे २०१८ मध्ये याच कारखान्याने दुबळ्या बोटांना सहज ओढता येईल असे 'शील्ड ईझेड' पिस्तूल काढले. त्याच्या मुठीमागे पुन्हा ती पट्टी आहे. आता मात्र ती सहज दाबली जाते.

एवढा वेळ आपण तिसऱ्या हाताचाच विचार करीत आहोत. पहिल्या दोन हातांविषयीची आकडेवारी अधिक अस्वस्थ करते. आर्थर केलरमन यांनी १९८६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील किंग परगण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे बंदूक ठेवलेली होती त्याच घरात तिच्या गोळीने झालेले मृत्यू ३९८; त्यांत आत्मरक्षणाचे ९, आत्महत्या ३३३. चोर नुसता पळून गेला तर तो या हिशेबात येत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त आहे. परंतु ३३३ हा आकडा त्या आक्षेपाने कमी होत नाही. २०२२ साली कॅलिफोर्नियातील पावणेदोन कोटींहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या पण पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्या व्यक्ती निराळ्या काढल्या होत्या. घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे त्यांचे प्रमाण, पिस्तूल नसलेल्या घरांतल्या लोकांच्या सातपट निघाले. अशा बळींत शंभरात चौऱ्याऐंशी स्त्रिया होत्या. सरकारी दप्तरात पिस्तुलापुढे नाव एकाचेच असते. या सोबतच्या व्यक्ती संशोधकांना मतदारयादीतले पत्ते जुळवून शोधाव्या लागल्या.