नॅनोस्फटिक प्रकाशविवर्धक, तंतूंतील

प्रकाशीय तंतूतून जाणारा क्षीण संकेत विद्युत् संकेतात न बदलता प्रबल करण्यासाठी कलिल पद्धतीने बनविलेल्या अर्धसंवाहक नॅनोस्फटिकांचा केलेला उपयोग. या स्फटिकांचा व्यास सामान्यतः २ ते १० नॅनोमीटर असतो (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.).

तंतूतच विवर्धन घडविण्याची कल्पना जुनी आहे. सी. जे. केस्टर व ई. स्निट्झर यांनी १९६४ मध्ये निओडिमियमयुक्त काचतंतूत ते दाखविले. संदेशवहनात मात्र ते एर्बियमामुळे रुजले. एर्बियमयुक्त विवर्धक १९८७ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन व त्यांचे सहकारी यांनी आणि बेल प्रयोगशाळेत ई. देसूर्व्हीर व इतरांनी तयार केले. एर्बियमाचा आयन सु. १० मिलिसेकंद उत्तेजित राहतो व त्यामुळे अल्प शक्तीच्या लेसरानेही उत्तेजित आयनांचा साठा टिकतो. परंतु विवर्धनाचा पट्टा (सु. १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचा) आयनाच्या ऊर्जापातळ्यांनी ठरतो, तो हवा तसा बदलता येत नाही.

नॅनोस्फटिकांत हे बंधन सैल होते, कारण त्यांची तरंगलांबी आकारमानावर अवलंबून असते. हा परिणाम १९८१ मध्ये अलेक्सेई येकिमव्ह यांना काचेत व १९८३ मध्ये लूइस ब्रुस यांना द्रवातील कणांत आढळला. मरी, नॉरिस व मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये जवळजवळ एकसारख्या आकारमानाचे स्फटिक बनविले. येकिमव्ह, ब्रुस व बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे तेजस्वी स्फटिक हाती येऊनही विवर्धन सहजी मिळेना. कॅडमियम सिलेनाइडाच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन व पोकळी यांची एकच जोडी असेल, तर शोषण व उद्दीपित उत्सर्जन समतोल होतात. विवर्धनासाठी काही स्फटिकांत दोन जोड्या हव्यात. पण दोन जोड्या एकत्र आल्या की, एकीची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न पडता दुसरीला मिळते (ओझे प्रक्रिया) व हे काही दशक पिकोसेकंदांत उरकते. एर्बियमाशी तुलना करता हा काल कोट्यवधी पटींनी कमी होय. शिवाय स्फटिक जितका लहान तितकी ही क्रिया जलद. व्ही. आय. क्लिमॉव्ह व सहकाऱ्यांनी २००० मध्ये लॉस ॲलॅमॉस येथे स्फटिक दाट रचून व अतिशय अल्पकालीन लेसर स्पंद वापरून विवर्धन मिळविले. विरल द्रावणात उद्दीपित उत्सर्जन या शर्यतीत मागे पडते, आणि तंतूत भरण्यास सोईचे असते ते विरल द्रावणच!

तरीही प्रयत्न थांबले नाहीत. जेरूसलेममधील संशोधकांनी २००२ मध्ये काचेच्या केशनळीत तंतू ठेवून भोवतीच्या द्रावणातील दंडाकृती नॅनोस्फटिकांपासून लेसर क्रिया मिळविली. लांबट आकारात ओझे प्रक्रिया मंदावते. संदेशवहनास उपयुक्त अशा अवरक्त पट्ट्यात लेड सिलेनाइडाच्या स्फटिकांनी २००३ मध्ये विवर्धन साधले. त्यात सर्वांत खालची पातळी आठपदरी असल्याने जोड्या आणखी लागतात. गाभा व कवच वेगळ्या द्रव्यांचे करून एकाच जोडीने विवर्धन २००७ मध्ये, तर अखंड उत्तेजनाने लेसर क्रिया २०१७ मध्ये शक्य झाली.

दुसरी अडचण निर्मितीची. सिलिका तंतू सु. २,०००° से. तापमानास ओढतात, स्फटिकांवरील कार्बनी आवरण त्यात टिकत नाही. म्हणून ते पोकळ तंतूत भरावे, बहुवारिकात मिसळावे किंवा तंतूच्या पृष्ठावर लेपावे लागतात. समुद्रतळाच्या लांब पल्ल्याच्या केबलींत अजूनही एर्बियमयुक्त विवर्धकच वापरात आहेत.